उन्हाने डाग जातो, पदार्थ कुठे जातो?

(विज्ञान-पाठ : ज्वालारोधक रसायने आणि सूर्यप्रकाश)



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात उन्हाची कमतरता नाही. कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, तुरीची डाळ हे सगळे उन्हातच वाळते. गाद्या आणि गोधड्या उन्हात टाकल्या की ओल जाते, कुबट वास जातो, ढेकूणही पळतात. त्यामुळे ‘एकदा ऊन दाखवले की वस्तू शुद्ध झाली’ अशी आपली घरोघरची समजूत आहे. त्यात तथ्यही आहे. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात आणि कित्येक रसायने मोडतात. पण मोडणे म्हणजे नाहीसे होणे का? हा प्रश्न सोपा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर आपल्या घरातली धूळ, शेतातली माती आणि जाम नदीतला गाळ किती स्वच्छ राहील हे काही अंशी अवलंबून आहे. म्हणून या अंकात आम्ही हा पाठ घेतला आहे.

सुरुवात हळदीपासून करू. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला तर आई तो धुते आणि सदरा कडक उन्हात वाळत घालते. साबणाने न गेलेला पिवळेपणा उन्हाने जातो. हळदीत कर्क्युमिन नावाचे रंगद्रव्य असते. प्रकाश शोषून त्याचा रेणू तुटतो, तुकड्यांना पिवळा रंग नसतो, म्हणून डाग दिसेनासा होतो. पण तुकडे उरतातच. त्यांतला एक तुकडा व्हॅनिलिन हा आहे. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास येतो तो याच पदार्थामुळे. म्हणजे डाग गेला, पण पदार्थ गेला नाही, त्याचे रूप बदलले. हळदीच्या बाबतीत हे तुकडे निरुपद्रवी आहेत. सगळ्याच पदार्थांच्या बाबतीत तसे नसते. आजचा पाठ अशाच एका पदार्थकुळाचा आहे.

ज्वालारोधक द्रव्ये कशासाठी?

आपला मुलूख कापसाचा. जिनिंगच्या आवारात विडीसुद्धा का पेटवू देत नाहीत हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. कापूस, ज्यूट, लाकूड, कागद हे पटकन पेट घेतात. त्यांना आगीपासून वाचवण्याची खटपट जुनी आहे. फ्रान्समध्ये राजा अठराव्या लुईच्या काळात नाट्यगृहांचे पडदे वारंवार पेटत, म्हणून गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाकडे काम सोपवले गेले. १८२१ मध्ये त्याने दाखवून दिले की अमोनियमचे फॉस्फेट आणि टाकणखार यांसारख्या क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कापड सहजी पेटत नाही. वायूंचा जो नियम तुम्ही अकरावीत शिकता, तो याच गे-ल्युसॅकचा.

विसाव्या शतकात प्लास्टिक, फोम आणि कृत्रिम धागे आले. हे पदार्थ खनिज तेलापासून बनतात, त्यामुळे पेटले की भडकतात. त्यात टीव्ही, संगणक, विजेच्या तारा आल्या. म्हणजे ठिणगी आणि इंधन एकाच डब्यात. मग कारखानदारांनी प्लास्टिकमध्येच ज्वालारोधक द्रव्ये मिसळायला सुरुवात केली.

ही द्रव्ये म्हणजे निव्वळ कोणाचा तरी लोभ, असे समजू नये. आगीचे दुःख खरे आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेचे वार्षिक संमेलन चालू असताना कृत्रिम कापडाचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यांत मुले फार होती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागून ९४ मुले दगावली. कोणत्याही शाळेने या दोन तारखा विसरू नयेत. तेव्हा आगीपासून संरक्षण हवेच, वाद त्याबद्दल नाही. प्रश्न एवढाच की, संरक्षणासाठी वापरलेले द्रव्य वस्तू मोडल्यावर कुठे जाते?

ब्रोमीनचे काम

ज्वालारोधकांमध्ये ब्रोमीनयुक्त द्रव्यांचे कुळ मोठे आहे. ज्योतीत काय चालते ते पाहा. पदार्थ तापला की त्यातून जळाऊ वायू निघतात. त्या वायूंत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांचे अतिशय उतावीळ कण तयार होतात. त्यांना मूलके म्हणतात. एक मूलक दुसऱ्या रेणूला तोडते, त्यातून आणखी मूलके निघतात आणि आग वाढत जाते. ब्रोमीनयुक्त द्रव्य तापले की त्यातून ब्रोमीन सुटतो आणि या उतावीळ कणांना पकडतो. साखळी तुटते, ज्योत मंदावते.

या कुळातले सर्वात गाजलेले द्रव्य म्हणजे पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘पीबीडीई’ म्हणतात. त्याची रचना लक्षात ठेवायची तर पोळ्याची बैलजोडी डोळ्यांसमोर आणा. दोन बैल म्हणजे कार्बनची दोन षट्कोनी कडी. मधले जू म्हणजे ऑक्सिजनचा अणू. बैलांच्या अंगावर जशी घुंगरे, तसे या कड्यांवर ब्रोमीनचे अणू. जागा एकूण दहा. एका ब्रोमीनपासून दहा ब्रोमीनपर्यंत, वेगवेगळ्या जागा धरून, या रेणूचे २०९ प्रकार होतात. दहाही जागा भरलेल्याला ‘डेका’ म्हणतात. टीव्हीच्या मागच्या जाड प्लास्टिकात आणि पडदे किंवा सोफ्याच्या कापडाच्या मागच्या लेपात तो वापरला जाई. पाच ब्रोमीनच्या आसपासचे मिश्रण, म्हणजे ‘पेंटा’, काही देशांत गाद्या-सोफ्यांच्या फोममध्ये भरपूर घातले गेले.

आता महत्त्वाची गोष्ट. पीबीडीई हे प्लास्टिकला रासायनिक बंधाने बांधलेले नसते, नुसते मिसळलेले असते. त्यामुळे वस्तू जुनी झाली, झिजली, फुटली की ते हळूहळू बाहेर पडते आणि धुळीला चिकटते. धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो. रांगणारे मूल दिवसभर जमिनीवर असते, म्हणून त्याच्या पोटात हे द्रव्य मोठ्या माणसापेक्षा जास्त प्रमाणात जाते. एकदा शरीरात गेले की ते चरबीत साठते.

किरण बंध तोडतो कसा?

प्रथम एक गैरसमज दूर करू. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो, अंगाची लाही होते. पण रसायन मोडते ते उन्हाच्या उष्णतेने नव्हे, तर उन्हातल्या प्रकाशाने. पत्र्याच्या खोलीत बंद पेटीत ठेवलेले कापड कितीही तापले तरी त्याचा रंग फारसा विटत नाही, दोरीवर टांगलेल्या कापडाचा विटतो.

प्रकाश हा शक्तीच्या पुड्यांनी बनलेला असतो असे समजा. पुडीला फोटॉन म्हणतात. तरंगलांबी जितकी लहान, तितकी पुडी जड. ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशात मोलमागे सुमारे २०० किलोज्यूल शक्ती असते. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशात ती सुमारे ३०० होते आणि ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणात सुमारे ४००. षट्कोनी कड्याला जोडलेला ब्रोमीन तोडायला अंदाजे ३४० किलोज्यूल लागतात. म्हणजे नारिंगी प्रकाश कितीही ओतला तरी हा बंध तुटणार नाही, पण ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा एकच किरण तो तोडू शकतो. शंभर मुलांनी एकेक खडा मारून भिंत पडत नाही, एका घणाने पडते, तसेच हे.

पण शक्ती असून भागत नाही. किरण रेणूने शोषला पाहिजे. जो किरण आरपार गेला तो काहीच करत नाही. प्रकाश-रसायनशास्त्राचा हा पहिला नियम आहे.

सूर्याचे सगळे किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरणातला ओझोन सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचे किरण अडवतो. त्यामुळे सूर्यप्रकाशाने मोडायचे तर पदार्थाने २९० च्या पुढचे किरण शोषले पाहिजेत. ‘डेका’ ते शोषतो. ब्रोमीन जितके जास्त तितके शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते, म्हणून दहा ब्रोमीनचा डेका उन्हात लवकर मोडतो. चार ब्रोमीनचा रेणू असे किरण फार थोडे शोषतो, म्हणून तो उन्हाला बराच दाद देत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे महत्त्व कळेल.

आपल्या भागाचा उल्लेख इथे केला पाहिजे. पांढुर्णा आणि सौंसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच राहते. सूर्य डोक्यावर असला की किरणांना ओझोनच्या थरातून सर्वात जवळच्या वाटेने यावे लागते, म्हणून अतिनील किरण जास्त पोचतात. थोडक्यात, रसायन मोडणारे ऊन आपल्याकडे युरोपपेक्षा जोरकस आहे.

किती वेळ लागतो?

स्वीडनमधील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात डेकावर सूर्यासारखा प्रकाश टाकून पाहिला. टोल्यूइन या द्रावकात विरघळवलेला डेका पंधरा मिनिटांच्या आत निम्मा झाला. वाळूवर पसरलेला निम्मा व्हायला सुमारे १२ तास लागले, गाळावरचा निम्मा व्हायला सुमारे ४० तास आणि मातीवरचा निम्मा व्हायला १५० ते २०० तास.

पदार्थ तोच, प्रकाश तोच, मग एवढा फरक का? कारण मातीचे कण सावली देतात. प्रकाश मातीत एक मिलिमीटरसुद्धा नीट शिरत नाही. मातीतले कुजलेले सेंद्रिय द्रव्य किरण आधी स्वतःच शोषून घेते. आपली काळी कपाशीची जमीन तर आणखी गडद. तिच्यात भेगा पडतात, नांगरट होते, वरचा थर खाली जातो. एकदा खाली गेलेल्या कणाला सूर्य दिसत नाही. तो तिथे वर्षानुवर्षे राहू शकतो.

नदीचेही तसेच. पीबीडीई पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते गाळाच्या कणांना चिकटून राहते. पावसाळ्यात जामला पूर येतो तेव्हा पाणी चहासारखे असते. त्यात अतिनील किरण फार खोल जात नाहीत. हिवाळ्यात पाणी निवळते तेव्हा गाळ तळाशी बसलेला असतो. आणि तो गाळ इथेच थांबत नाही. जामचे पाणी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. पांढुर्ण्याच्या नाल्यात टाकलेली वस्तू आपली राहत नाही, ती पुढच्या चार नद्यांची होते.

घरात काय होते? आपण म्हणू, खिडकीतून ऊन येते की. येते, पण साधी काच नेमके तेच लहान तरंगलांबीचे अतिनील किरण बरेचसे अडवते. म्हणून बंद खिडकीच्या आतल्या धुळीतला डेका अंगणातल्यापेक्षा फार हळू मोडतो.

तुकड्यांचे काय?

आता पाठाचा गाभा. सूर्यप्रकाशाने डेका मोडतो म्हणजे त्याची एकदम राख होत नाही. त्याच्या अंगावरची घुंगरे एकेक करून गळतात. दहाचे नऊ, नऊचे आठ, आठचे सात. बैलजोडी मात्र उभीच असते. जसजसे ब्रोमीन कमी होतात तसतसे उन्हाचे शोषण घटते आणि मोडण्याची गती मंदावते. म्हणजे ऊन सुरुवातीला भराभर काम करते आणि पुढे रेंगाळते.

आणि रेंगाळते ते नको त्या ठिकाणी. डेकाचा रेणू मोठा आणि जड, शरीरात सहजासहजी शिरत नाही. त्याच्यापेक्षा कमी ब्रोमीनचे, विशेषतः चार-पाच-सहा ब्रोमीनचे रेणू लहान. ते आतड्यातून सहज शोषले जातात, चरबीत साठतात आणि माशाकडून पक्ष्याकडे, गाईकडून दुधाकडे वर चढत जातात. वाढत्या मुलांच्या मेंदूवर आणि कंठग्रंथीच्या संप्रेरकांवर होणाऱ्या परिणामांमुळे हेच रेणू जास्त काळजीचे ठरले आहेत. शिवाय काही रेणूंमध्ये ब्रोमीन सुटल्यावर दोन कडी आणखी एका बंधाने जोडली जातात आणि ब्रोमीनयुक्त फ्युरान तयार होते. फ्युरान हे डायॉक्सिनचे भाऊबंद, अल्प प्रमाणातही घातक.

तेव्हा ‘उन्हाने निम्मे मोडले’ हे वाक्य ऐकले की लगेच विचारावे : मोडून काय झाले? प्रयोगशाळेत मूळ पदार्थ निम्मा झाला म्हणून विष निम्मे झाले असे होत नाही. या पाठातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. ऊन शत्रू नाही. हवेत वाफेच्या रूपात असलेल्या लहान रेणूंना सूर्यप्रकाशामुळे तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके गाठतात आणि मोडतात. पाण्यातले नायट्रेट आणि कुजलेल्या पाल्याचे द्रव्य ऊन शोषून अशीच मूलके तयार करतात आणि स्वतः ऊन न शोषणाऱ्या पदार्थांनाही तोडतात. निसर्गाची सफाई चालू असते. पण तिची गती आपण टाकत असलेल्या कचऱ्याच्या गतीला पुरी पडत नाही.

सगळ्यांना एकच माप नाही

सगळी ज्वालारोधके उन्हाने मोडतात असेही नाही. थर्माकोलसारख्या फोममध्ये घातले जाणारे एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त असले तरी त्यात षट्कोनी सुगंधी कडी नाही, त्यामुळे ते सूर्यप्रकाश जवळजवळ शोषतच नाही. पीबीडीईच्या बदल्यात आलेली क्लोरीनयुक्त फॉस्फेट ज्वालारोधकेही तशीच. ती पाण्यात थोडी विरघळतात, थेट उन्हाने मोडत नाहीत आणि नद्यांच्या पाण्यात दूरवर सापडतात. उलट संगणकाच्या हिरव्या पाटीत वापरले जाणारे टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए हे बहुतेक वेळा राळेला रासायनिक बंधाने बांधलेले असते, त्यामुळे ते कमी सुटते आणि सुटलेच तर उन्हात तुलनेने लवकर मोडते. म्हणून ‘जुने वाईट, नवे चांगले’ असे सरसकट म्हणता येत नाही. प्रत्येक पदार्थाला तीन प्रश्न विचारावे लागतात : वस्तूतून सुटतो का, उन्हात मोडतो का आणि मोडून काय होतो?

जगाने काय शिकले?

१९७३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात गुरांच्या खाद्यात खनिज पुरवणीच्या जागी चुकून ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकाची पोती मिसळली गेली. लक्षात येईपर्यंत दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात गेली होती. सुमारे ३०,००० गुरे मारून पुरावी लागली. १९७७ मध्ये त्याच देशात लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांवर वापरले जाणारे ‘ट्रिस’ नावाचे ज्वालारोधक कर्करोगाच्या धोक्यामुळे बंद करण्यात आले. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेले मातेच्या दुधाचे नमुने तपासले तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात त्यातील पीबीडीई साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट झाल्याचे दिसले. वापर आवरल्यावर ते कमी होऊ लागले. यात इशारा आहे तसा दिलासाही आहे : उगम बंद केला की फरक पडतो.

चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला आणि २००४ मध्ये अमलात आला. भारताने तो जानेवारी २००६ मध्ये मान्य केला. पेंटा आणि ऑक्टा मिश्रणांतील पीबीडीई २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये आणि डेका २०१७ मध्ये कराराच्या बंदी-यादीत आले. भारत सरकारने मार्च २०१८ च्या नियमांनी सात चिवट प्रदूषकांवर बंदी घातली. त्यांत चार ते सात ब्रोमीनचे पीबीडीई, हेक्साब्रोमोबायफिनाइल आणि एचबीसीडी आहेत. ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमावलीपासून विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीईचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असावे अशी मर्यादा आहे. आता लागू असलेले ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. जुन्या वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फतच व्हावी असे ते सांगतात.

पण कायदा नव्या वस्तूला लागतो. माळ्यावर पडलेला वीस वर्षांपूर्वीचा टीव्ही कायदा वाचत नाही.

आपण काय करायचे?

पालकांसाठी. जुना टीव्ही, संगणक, फुटलेला रेडिओ, विटलेला फोम गच्चीवर किंवा परसात उन्हापावसात टाकून ठेवू नये. ऊन प्लास्टिकला ठिसूळ करते, त्याचा चुरा होतो, चुऱ्यातून द्रव्य सुटते आणि पाऊस ते नालीत नेतो. म्हणजे उन्हाने सफाई होण्याऐवजी पसारा वाढतो. त्याहून वाईट म्हणजे जाळणे. तांब्यासाठी तारा आणि पाट्या उघड्यावर जाळल्या की कमी तापमानाच्या धुरकट आगीत ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात. ऊन जे महिन्यांत थोडे करते ते अशी आग एका संध्याकाळी भरपूर करते. होळीत फोम, रेक्झीन, वायर, प्लास्टिक टाकू देऊ नये. गोवऱ्या आणि लाकूड पुरे. घरातली फरशी कोरड्या झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवावे. औषध नाही, खर्च नाही, पण धुळीतून पोटात जाणारा वाटा याने खरोखर कमी होतो. जुन्या काळ्या प्लास्टिकापासून पुन्हा बनवलेल्या स्वस्त खेळण्यांत ही द्रव्ये अनेक देशांतील तपासण्यांत सापडली आहेत, म्हणून तान्ह्या मुलाच्या तोंडात असे खेळणे देऊ नये.

विश्वस्त मंडळासाठी. आमची दोन नम्र निवेदने आहेत. एक, शाळेतील निकामी संगणक आणि पडदे यांची यादी करून ते किलोच्या भावाने फिरत्या भंगारवाल्याला न देता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण संस्थेकडे पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. चार पैसे कमी मिळतील, पण पाट्या कुठे तरी नाल्याकाठी जळणार नाहीत. पालकांच्या घरचा असा कचरा वर्षातून एक दिवस शाळेत जमा करता आला तर एकाच खेपेत काम होईल. दोन, स्नेहसंमेलनाचा मंडप सुती कापडाचा असावा, कृत्रिम कापड टाळावे. मंडपाच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ आहे. कापड अमोनियम सल्फेट, टाकणखार, तुरटी अशा क्षारांच्या द्रावणात बुडवून वाळवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. ती गे-ल्युसॅकच्या वाटेनेच आलेली आहे. हे क्षार चरबीत साठत नाहीत. मात्र पावसाने धुऊन जातात, म्हणून दर वर्षी पुन्हा बुडवावे लागते. आणि कोणतेही द्रव्य दोन मोकळ्या दरवाज्यांची जागा घेऊ शकत नाही. बाहेर पडण्याच्या वाटा रुंद आणि रिकाम्या असणे हे सर्वात चांगले ज्वालारोधक आहे.

विद्यार्थ्यांसाठी. हा विषय पुढे शिकण्याजोगा आहे. पर्यावरणातील रसायनांवर काम करणारी ‘नीरी’ ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून नागपूरला, म्हणजे पांढुर्ण्याहून रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. आपल्या काळ्या मातीत आणि आपल्या कडक उन्हात ही द्रव्ये किती वेगाने आणि कशात मोडतात, हे मोजण्यासारखे काम आहे. ते आपल्याच गावच्या मुलांनी का करू नये?

करून पाहा

साहित्य : पांढऱ्या सुती कापडाच्या सारख्या चार पट्ट्या, हळद, पाणी, कोरडी चाळलेली काळी माती.

कृती : चारही पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. पहिली थेट उन्हात ठेवा. दुसरी उन्हातच, पण अर्धा सेंटिमीटर मातीखाली. तिसरी उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या डब्यात बंद करून. चौथी कपाटात. चार दिवस रोज संध्याकाळी मातीची पट्टी झटकून चारही पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवा आणि रंगाची नोंद वहीत करा. माती पुन्हा पसरायला विसरू नका.

सूचना : हा प्रयोग हळदीनेच करावा. जुना टीव्ही, वायर किंवा फोम फोडून अथवा जाळून कोणताही प्रयोग करू नये.

स्वाध्याय

१. पत्र्याच्या डब्यातली पट्टी सर्वात जास्त तापूनही तिचा रंग का टिकला? उष्णता आणि प्रकाश यांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. मातीवर पसरलेल्या एका पदार्थाचा अर्धायुकाळ १६० तास आहे आणि रोज ८ तास ऊन मिळते. पदार्थ निम्मा, पाव आणि एक अष्टमांश व्हायला प्रत्येकी किती दिवस लागतील? नांगरट करून तो मातीखाली गेला तर हे उत्तर का बदलेल?

३. दहा ब्रोमीनचा रेणू उन्हात लवकर मोडतो आणि चार ब्रोमीनचा उशिरा. ऊन भरपूर असलेल्या गावात यामुळे कोणत्या प्रकारचे रेणू उरण्याचा संभव जास्त?

४. ‘उन्हात टाकले की सगळे शुद्ध होते’ या वाक्याच्या बाजूने एक आणि विरुद्ध एक उदाहरण आपल्या घरातले द्या. आजीला विचारून लिहिलेत तर अधिक चांगले.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. चारही पट्ट्या वहीत चिकटवलेल्या असाव्यात.